शिवाच्या रक्तातले मारेकरी

हलू नको म्हणलं ना तुला — हललास की दोर आणखी रुततो, मी नाय रुतवत, तूच रुतवतोस — आन् डोळे वटारू नको, शिवा, तुझ्या डोळ्यांना मी भीत नाय. तू शेंबडा होतास तवा मी या घरात सून म्हणून आले, तुझ्या चड्ड्या धुतल्यात या हातांनी. पाणी पायजे? देते. पण तोंडावरचं फडकं सोडणार नाय, फडक्यावरच पिळते, चोख. तुझं तोंड उघडलं की काय बाहेर पडतं ते अख्ख्या पेण तालुक्याला ठाऊक हाय. आन् तिकडं बांधाखाली माणसं मीठ ओढतायत, तू एक बोंब ठोकलीस की धावत येतील, मंग मी काय सांगू त्यांना — हा माझा दीर, कालपास्नं मिठागराच्या खोपीत बांधून घातलाय, उद्या मुंबईला नेऊन याच्या रक्तातलं पांढरं काढायचंय, आन् ते याच्या भावाच्या अंगात घालायचंय? हसतील मला. हसू दे. पुंडलिक पेणला टेम्पोचं चाक बसवायला गेलाय, माझाच भाऊ तो, नंदीबैलासारखा माझ्या मागं येतो बिचारा, तो आला की निघायचं. सोमवारी सकाळी तुला त्या मशीनवर झोपवायचं, मंग तू मोकळा, मंग खाडीत उडी घे नायतर दारूत घे.

काल फावडं जरा जोरात लागलं, ते मी कबूल करते. पण तू तसा बाहेर का आलास? चार दिवस तुला शोधतेय मी, रात म्हणू नको दिवस म्हणू नको. रोह्याला तुझ्या कंपनीच्या गेटवर गेले, तो वॉचमन म्हणतो, शिवा शिमग्याच्या आधीपास्नं शिफ्टलाच नाय. म्हणलं झालं, सुटला हा. मंग पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावात गेले, त्या तुमच्या दारूच्या अड्ड्यावर. कान्हू होता तिथं, तुझा जिवाचा कान्हू, गुलालानं माखलेला, मला बघून दात काढायला लागला — वैनी, शिवा आता बाय झालाय, पदराखाली लपलाय. मी पायातली चप्पल काढली आन् त्याच्या तोंडावर हाणली, दोनदा, नाकातनं रक्त आलं तवा बोलला, कासूला हाय म्हणून, सासुरवाडीला. नागोठण्यापर्यंत मी वेड्यागत भटकले, आन् हा आपला कासूला! ज्या बायकोला तू मारमारून माहेरी धाडलीस, तिच्याच पदराखाली!

आन् ती तुझी चंद्रावती पण बघ ना केवढी हुशार. गोठ्याला बाहेरनं कुलूप घालून ठेवलेलं, म्हंजे बघणाऱ्याला वाटावं आत गुरंबी नायत. मी काय दुधखुळी हाय? दगडानं कुलूप तोडलं. दार उघडलं तर तू दोन्ही हात वर करून बडबडत माझ्याकडंच येतोयस — मला वाटलं आता हा अंगावर येतो, मुंडी मुरगाळतो माझी, या घरातल्या पुरुषांना दुसरं काय येतं — म्हणून घातलं फावडं. पोटरीत घुसलं. तुझ्या तोंडाला दारूचा वास नव्हता एवढं कळलं मला, पुंडलिक तुझ्या छातीवर बसला तवा मी वाकले ना, तवाच. म्हणलं संपली असेल. ती चंद्रावती आपली कोकलतेय — सोमवार, सोमवार, अगो वैनी, सोमवार — मी दिली एक ठेवून तिच्या कानाखाली. सोमवार मला सांगतेय! सोमवार काय हाय ते मला ठाऊक नसेल तर कुणाला ठाऊक असेल?

गुरगुरू नको. ऐक. तुला कुणी नीट सांगितलं नसेल तर मी सांगते. त्या डॉक्टरीणबाईनं मला वॉर्डाच्या बाकावर बसवून सांगितलंय, एकदा नाय, तीनतीनदा, कारण मला कळलं नाय की मी उठत नाय. तुझ्या भावाला जो रोग हाय ना, रक्ताचा, तो त्याच्या हाडातल्या मगजात. पयल्यांदा त्यांनी काय केलं, कमळाकरचा सगळा मगज औषधांनी जाळून टाकला, पार राख, आन् तुझ्या कमरेच्या हाडातला काढून त्याला दिला. तुझाच जुळला. तुमच्या बहिणीचा, सगुणावन्संचा नाय जुळला, तिच्यावर त्याचा केवढा जीव, तिचा नाय जुळला आन् तुझा जुळला — देवाला पण मस्करीच सुचते. वरीसभर बरा होता. मंग रोग परत आला, म्हंजे गेलाच नव्हता, कुठंतरी कोपऱ्यात दडून बसलेला. तवा बाई म्हणाली, आता औषधाचं काम नाय, आता मारेकरी सोडायचे. तुझ्या रक्तात पांढऱ्या पेशी हायत, त्यातल्या काही लढणाऱ्या. त्या परक्याला ओळखतात आन् फाडून खातात. कमळाकरच्या स्वतःच्या तसल्या पेशी त्या रोगाला घरचाच समजून गप बसलेल्या, पण तुझ्या पेशींना तो परका वाटणार. म्हणून तुझ्या काढायच्या, त्याच्यात सोडायच्या. मला लगेच पटलं. माझ्या आयुष्यात गोड बोलून काय मिळालंय मला? जे मिळालं ते मारून, ओरबाडून.

तू झोपलास ना दिवाळीत त्या मशीनवर, या हातातनं रक्त गेलं, मशीननं ताकासारखं घुसळलं, पांढरं वर काढून घेतलं आन् तांबडं तुझ्या त्या हातात परत. पिशवीत एवढंसं दिसत होतं, फिकट, धुतलेल्या तांदळाच्या पाण्यागत. मी म्हणलं, हे मारणार? बाई म्हणाली, बघाल. म्हणाली, बाहेरदेशात आता त्या पेशींना प्रयोगशाळेत शिकवायला लागलेत, त्यांच्यात बदल करतात, कुणाला मारायचं आन् कुणाला सोडायचं ते त्यांच्या डोक्यात भरतात, मंगच अंगात सोडतात. अजून त्यांचंबी प्रयोगातच हाय म्हणे, कुणी बरं झालं नाय तसं. आपल्याकडं ते नाय. आपल्याकडं तुझे शिपाई अडाणीच जाणार, कोयता हातात देऊन गर्दीत सोडलेले. रोगालाबी कापतील आन् शेजाऱ्यालाबी.

आन् कापलंच की. तू बघितलंस. वॉर्डाच्या दारात उभा राहून बघितलंस ना — हाताच्या तळव्याचं सालटं निघालेलं, पायाचं निघालेलं, ओठ फाटलेले, आतडं सोलून निघत होतं त्याचं, मी टोपलं धरून बसायची आन् त्यात काय पडायचं ते तुला नाय सांगत. कमळाकर, एवढा दांडगा माणूस, मिठाचं पोतं एका खांद्यावर घेणारा, तो गादीवर गडबडा लोळत होता आन् म्हणत होता, कुणीतरी मला आतनं चावतंय. गावात पसरलं तवा सगळे काय म्हणाले ठाऊक हाय? शिवाचं वैर रक्तातनं आत गेलं. बाहेरनं मारता आला नाय तर आतनं मारला. आन् तू, मर्दा, जिना उतरून पळालास. महिनाभर दारूतनं शुद्धीवर नव्हतास.

म्हणून म्हणते, मला नको शिकवू तू कसा हायस. वैर काय खोटं होतं का? उधाणाच्या भरतीला तू बांधातली उघाडी, ते पाण्याचं दार, उघडून भावाच्या शेतात खारं पाणी सोडलंस. पोटरीला आलेलं भात, सकाळी बघतो तर सगळं मिठात उभं, जळून गेलं. तीन पिकं त्या जमिनीत दाणा आला नाय. कशावरनं? बांध फुटून खांड पडली तवा ती बुजवायला तू आला नायस म्हणून त्यानं गावकीत तुझं नाव घेतलं, एवढ्यावरनं. मंग त्यानं कोयता काढला. खांद्यापास्नं कोपरापर्यंत उघडलं होतं तुला, पांढरं हाड मी बघितलं, मीच लुगडं फाडून बांधलं. नायतर त्याच दिवशी संपला असतास, आन् मंग आज कुणाचं रक्त आणलं असतं मी? तवापास्नं एका अंगणात राहून तुम्ही एकमेकांचं तोंड बघितलं नाय. आन् आता एकाच्या हाडात दुसऱ्याचं रक्त धावतंय.

मला पण मारायचा तो. तुला काय सांगायचं, भिंत एकच होती, तू ऐकलंयस. हा बाजूचा दात नाय ना मला, तो काय किडला म्हणून काढला नाय. दिवाळीत त्याचं सालटं निघत होतं ना शिवा — पयल्या दिवशी मला — मी टोपलं धरून बसलेले आन् मला वाटलं, लागू दे. एकदा लागू दे याला, कळू दे कसं लागतं. बरं वाटलं मला. जरा वेळ. एक सकाळ असेल. मंग तो माझा हात धरून म्हणाला, हौसे, जाऊ नको — आयुष्यात पयल्यांदा नावानं — आन् मी काय करू सांग आता? मी त्याला मरू देऊ? हे तुला का सांगतेय मी? तुझं तोंड बांधलंय म्हणून सांगतेय. कुठं बोललास तर दुसरी पोटरीबी फोडीन.

पण ऐक, त्या मारामारीनं रोग हटला होता! ते तू बघितलं नाय, पळालास ना. बाईनं मंग औषध देऊन तुझ्या शिपायांना आवरलं, सालटं भरून आलं, आन् रक्त तपासलं तर रोग निम्म्याच्या खाली. बाई हसली. मी तिला पयल्यांदा हसताना बघितलं. म्हणाली, तुमच्या दिराच्या पेशी फार भांडकुदळ हायत, आपल्याला असल्याच पायजेत. माझी छाती फुगली रे, तुझ्यासाठी, खोटं नाय सांगत. आता परत वाढलाय. मागल्या आठवड्यात वाण्याच्या फोनवर निरोप आला — सोमवारी दुसऱ्यांदा पेशी द्यायच्या, त्याच्या पलीकडं थांबता येणार नाय, रोग एकदा उसळला की मंग कितीबी शिपाई सोडा, कुणाच्या हाती काय लागत नाय. आन् तुला निरोप मिळाला ना, तूच गेलास ना रोह्यावरनं मुंबईला, तपासून घ्यायला? गेलास, हाताला टोचून घेतलंस, आन् तिथनं आलास तो गायब! शिमगा हाय, पालखी नाचतेय, पिंपं भरलीत, शिवा कुठं असणार? सगळ्या पेणात शिवाशिवाय दुसरं कोण असतं शिमग्यात गटारात? मी म्हणलं, हा सोमवारी येतो कसला. आला तर पिऊन येईल, नायतर कुणाचं डोकं फोडून तुरुंगात असेल. म्हणून निघाले फावडं घेऊन.

काय मान हलवतोस सारखी? नाय नाय काय? आता चुळबूळ थांबव, दोर ढिला झालाय खालचा, बघू — पाय इकडं कर. इकडं कर म्हणते. अरे, काल मी खाडीच्या पाण्यानं धुतलीय ही जखम, खाऱ्या पाण्यानं पिकत नाय, आमच्यात मिठागरावर कुणाचा पाय कापला तर हेच करतात, पण ही — ही एवढी कधी सुजली? गुडघ्यापर्यंत गेलीय. लाल हाय. कढत हाय. कपाळ दाखव. उन्हानं असेल. खोपीचा पत्रा तापतो दुपारी. माझा हात पण तापलाय म्हणून तसं — थांब, गालानं बघते. शिवा, तुला हुडहुडी भरलीय का? कधीपास्नं? रातीपास्नं? मान तर हलव — रातीपास्नं.

नाय, ताप असला म्हणून काय झालं. गोळी देऊ. पुंडलिककडं असेल, नायतर पेणला घेऊ. टेम्पोत झोप, सकाळपर्यंत उतरेल. बाई म्हणाली होती — काय म्हणाली होती ती — धडधाकट आणा म्हणाली. हां, आन् ती कागदावर चित्र काढून दाखवत होती मला, की या पेशी अंगात कशा फिरतात, कुठं जखम झाली, घाण आत गेली, की सगळं सोडून तिकडं धावतात, तिथं लढाई जुंपते, अंग तापतं ते त्या लढाईनंच — शिवा. फडकं सोडते मी. ओरडू नको. ओरड, पायजे तर ओरड, पण मला आधी एक सांग. गाठ बसलीय, थांब, दातानं — बोल आता. तू कासूला का गेलास?

हळू बोल, जीभ सुकलीय तुझी, हे घे पाणी, नीट पी. काय? कुणी सांगितलं? बाईनं? तुला एकट्याला, त्या खोलीत बसवून? दारू नको — व्हय. ताप नको — व्हय. मारामारी नको, अंगावर जखम नको, एवढुशी पण नको — मला नाय हे सांगितलं. मला कुणी नाय सांगितलं हे. मंग? मंग शिमगा आला — पुढं बोल ना — शिमगा आला आन् तुला ठाऊक होतं तू राहायचा नायस. गावात राहिलास तर पिणार, प्यालास तर कुणाला तरी मारणार. म्हणून गेलास. कुलूप — कुलूप तू घालायला लावलंस? तूच चंद्रावतीला सांगितलंस, मला गोठ्यात कोंड, मी रडलो भेकलो शिव्या दिल्या तरी सोमवारशिवाय काढू नको? तीन दिवस हातपाय आपटलेस आत. भिंतीला डोकं आपटायला पण भ्यालास, जखम होईल म्हणून. आन् मी दार तोडलं तवा तू हात वर करून काय म्हणत होतास?

मारू नको म्हणत होतास. वैनी, मारू नको, माझ्या अंगाला काय लावू नको.

मला सांगायचं होतंस आधी. एक निरोप धाडायचा, कुणाजवळ पण — काय? कोण विश्वास ठेवणार होतं. व्हय. कुणी नसता ठेवला. मी तर नसताच ठेवला, मी म्हणले असते, बघा शिवा बायकोकडं जाऊन पडलाय आन् नाव भावाचं घेतोय. तो एकटा म्हणत होता. कमळाकर. मी निघाले तवा म्हणाला, हुडकू नको त्याला, येईल तो. मी म्हणलं याचं आजारानं डोकं फिरलंय. माझ्यावर एवढा कधी भरवसा टाकला नाय त्यानं, तो तुझ्यावर टाकला, आन् मी काय केलं — मी जे करते तेच केलं.

पुंडलिक आला. पुंडलिक! आधी ती सुरी दे, दोर काप याचे, पायाचे सांभाळून काप, पायाला हात लावू नको. बघत काय राहिलास? मुंबईला नाय. पेणला घे, सरकारी दवाखान्यात, पाय दाखवायला. चिडीचूप राहा आन् काप. मी तिथल्या बूथवरनं मुंबईच्या इस्पितळात फोन करते. काय सांगू म्हंजे? खरं सांगते. पडला म्हणून सांगितलं तर कमळाकरला वाटेल हा पिऊन पडला. तसं नाय वाटू देणार मी त्याला. सांगेन, तुझा भाऊ येत होता, मी मारला.

उठू नको तू! बस खाली. नाय घेणार ते, शिवा, आता नाय घेणार तुझं रक्त, कितीबी चल म्हणालास तरी. तुझे सगळे शिपाई तिथं त्या पोटरीत उतरलेत, मीच बोलावले त्यांना, आता ते तिथनं हलणार नायत. चार दिवसांत उतरेल ताप? उतरेल. उतरेल की. आन् तोवर तो —

काय म्हणालास? थांबेल तो? दांडगा हाय, थांबेल? तू सांगतोस मला? तू माझी समजूत घालतोस? पुंडलिक, त्या बाजूनं धर याला, उचल. आन् तू गप बस, शिवा. गप म्हणलं ना. एक शब्द बोलू नको आता.